दोन घावांच्या मध्ये

"मी कुठे ओरडले?" मुलगी ओरडली.

गणिताचे सर खुर्चीत मागे सरकले. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की घ्या, आता आणखी पुरावा कशाला हवा?

तक्रार अशी होती, की काल भर वर्गात ही पंधरा वर्षांची मुलगी सरांच्या अंगावर धावून गेली. धावून गेली म्हणजे काय, तर सर फळ्याकडे तोंड करून गणित सोडवत होते. मधली एक पायरी हिला कळेना. ही उठली, फळ्यापाशी गेली, सरांच्या खांद्यावर दोनदा थाप मारली आणि ते वळल्यावर त्यांच्या तोंडाकडे टक लावून मोठ्यानं म्हणाली, "हे कुठून आलं?" वर्ग फिदीफिदी हसला आणि सरांचा पारा चढला. म्हणून आज आईबापांसकट तिला बाईंच्या खोलीत बोलावलं होतं.

आता हिच्या घरी हाक मारायची रीतच ती, त्याला ती काय करणार? बाप पत्र्याच्या पेट्या ठोकतो. पुढे शेड, मागे घर, मध्ये एक पडदा. दोन्ही बाजूंना आणखी ठोकणारे. उजाडलं की ठणाठण सुरू. त्या घरात हळू बोललेलं फुकट जातं. हातोडी वर गेली, की ती खाली यायच्या आत काय ते बोलायचं, तोडून तोडून, घसा ताणून, समोरच्याच्या ओठांकडे बघत. पाठमोऱ्या माणसाला थापच मारावी लागते. बापाचे कान तर कधीच गेलेत, तो ओठ बघून ऐकतो. पोरगी तिथंच बोलायला शिकली, तिथंच अभ्यास करते, आणि गणितात वर्गात पहिली येते. पण ते कोण बघतो! याच शाळेनं याच बापाकडून वर्गावर्गासाठी पेट्या करून घेतल्या, तेव्हा नाही कुणाला आवाज खुपला.

बाईंचं म्हणणं होतं, दहावीच्या अ तुकडीत चांगल्या घरची मुलं आहेत, त्यांच्यावर परिणाम होतो. हिला क तुकडीत बसवू. क तुकडीला वरचं गणित शिकवत नाहीत, आणि ते नसलं की पुढे विज्ञानाचं दार बंद, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. अ तुकडीतला डॉक्टरांचा मुलगा सरांच्या तोंडावर त्यांची नक्कल करतो. तो मात्र खेळकर.

"घरचं वातावरण, दुसरं काय," बाई मान वळवून सरांना हळूच म्हणाल्या. बापाला त्यांचे ओठ दिसले नाहीत. आईला ऐकू आलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोरीचं पुढचं सगळं डोळ्यांसमोर होतं. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

बाप उठला. टेबलाला अगदी खेटून, बाईंच्या तोंडाकडे बघत तो गरजला, की पोरीला आहे तिथंच राहू द्या, तिला इंजिनियर व्हायचंय, हवं तर मी पाया पडतो. तो विनवत होता. बाहेरचा शिपाई मात्र मारामारी लागली समजून धावत आत आला.

बाईंनी कपाळ चोळलं. ठीक आहे म्हणाल्या, एक संधी देते. हिनं सरांची माफी मागावी. पण नीट. नजर खाली, आवाज हळू, आणि असं तुकड्यातुकड्यात नाही, सलग.

"चांगल्या घरातल्या मुली बोलतात ना, तसं," त्या म्हणाल्या.

पोरीचा जबडा आवळला. तिनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग मान खाली घातली.

"सर, काल माझं चुकलं, मला माफ करा, मी पुन्हा असं कधी वागणार नाही," ती म्हणाली. एका दमात, मऊ, पंख्याच्या आवाजातही बुडेल इतकं हळू.

"बघा! जमतं की नाही?" बाई खूश झाल्या. अ तुकडी राहिली.

पोरगी काय बोलली, ते बापाला कळलंच नव्हतं. त्याला फक्त पोरीची खाली गेलेली मान दिसत होती. ओठ दिसत नव्हते. तो कासावीस झाला. जवळ जाऊन त्यानं तिच्या खांद्यावर दोनदा थाप मारली.

"काय बोललीस गं बाळा?" अख्ख्या खोलीत आवाज घुमला.

पोरीनं मान वर केली नाही. "बाबा, हळू," ती त्याच नव्या आवाजात म्हणाली.

तेही त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा थाप मारली. पोरीनं खांदा काढून घेतला.