आकाशाला पॉलिश

“थांब! तो तारा होता!” ताई ओरडली.

“दाणा होता,” दातांचा डॉक्टर म्हणाला आणि त्याने माऊस आणखी उजवीकडे ओढला. पडद्यावरचं आकाश सायीसारखं गुळगुळीत झालं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत बहीणभावाचं हे तीन दिवस चाललं होतं. दोघांनी टेकडीवर कुडकुडत, जुन्या फिल्म कॅमेऱ्याने आकाशगंगेचे फोटो काढले होते. लॅबवाल्याने फिल्म धुऊन, सगळ्यात चांगला फोटो स्कॅन करून पेनड्राइव्हवर, पाकिटात घालून दिला होता. रविवारी प्रदर्शन. प्रश्न एवढाच होता, की फिल्मचे दाणे, म्हणजे फोटोवर उमटणारे ते बारीक खरखरीत ठिपके, किती घासायचे? डॉक्टर जन्मभर लोकांचे दात घासत आलेला. खरखरीत काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. ताई गणिताची निवृत्त शिक्षिका. एक ठिपका कमी झाला तरी तिला उत्तर चुकल्यासारखं वाटायचं.

“शंभर टक्के,” डॉक्टर म्हणाला.

“शून्य,” ताई म्हणाली, आणि पिशवी उचलून तरातरा निघून गेली.

दोन दिवस तिने फोन उचलला नाही. डॉक्टरचं कशात लक्ष लागेना. एका मिशाळ पेशंटला तो “आ करा” म्हणायच्या ऐवजी “बोल की गं” म्हणाला.

शेवटी शनिवारी दुपारी त्याने हार खाल्ली. केलेलं सगळं घासकाम रद्द केलं, होता तसा खरखरीत फोटो मोठा छापून घेतला आणि काखेत मारून ताईचं दार वाजवलं.

ताई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग तिने डोळे टिपले.

“हेच ते! आपल्या डोक्यावर होतं ना, अगदी तेच. आता याला हात लावलास तर याद राख.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“डॉक्टरसाहेब ना? मी ग्रॅनाइटवाला. लॅबवाल्याने आपली पाकिटं बदलली हो. माझ्या काळ्या दगडाचा फोटो तुमच्याकडे गेलाय.”

डॉक्टरने ताईकडे पाहिलं. तिने फोटो छातीशी धरला होता.

“प-पाठवतो,” तो कसाबसा म्हणाला.

“सावकाश पाठवा, घाई नाही. पण तुमचा नमुना माझ्या चार गिऱ्हाइकांना ओट्यासाठी पसंत पडलाय. खाण कुठंय तुमची?”