कोथिंबिरीची झोप

खाली लेकीच्या गाडीचं दार वाजलं, तसा बाबांनी कोथिंबिरीवर टॉवेल टाकला.

लेक आत आली. स्वयंपाकघरातल्या रॅकवर, जांभळ्या दिव्याखाली, कुणीतरी लहानसं माणूस न्हाऊन बसल्यासारखं दिसत होतं.

“हे काय आहे?”

“टॉवेल.”

“आणि टॉवेलच्या आत?”

“तुझी कोथिंबीर. तिला जरा लाज वाटतेय.”

अट लेकीनंच घातली होती. दिवा, ट्रे, टायमर सगळं तिनंच आणून लावलं होतं. ती कामाला होती त्या बंद गोदामात अशाच दिव्यांखाली लेट्यूस पिकायचं. चाळीस दिवसांत एक जुडी कोथिंबीर निघाली, तर बाबा आईच्या माघारी एकटे राहू शकतात असं धरायचं. नाही निघाली, तर बाबांनी तिच्या घरी यायचं आणि जावयाच्या व्यायामाच्या सायकलशेजारी झोपायचं. आज चाळिसावा दिवस होता.

तिनं टॉवेल ओढला. कोथिंबीर हातभर वाढली होती. पानं केसांसारखी बारीक, आणि वर पांढऱ्या फुलांचे तुरे. जुडी बांधायला काही नव्हतं. बाकी सगळी नटूनथटून उभी होती.

“फुलावर आली! बाबा, किती तास लाइट दिलात?”

“पुरेसा.”

“टायमर कुठाय?”

टायमर जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होता. तेवढं काम तो चोख करत होता. दिव्याची वायर थेट भिंतीत खोचलेली होती.

“म्हणजे दिवसरात्र चालू?”

“पात्रं स्टेजवर असताना लाइट घालवायचा नसतो,” बाबा म्हणाले. चौतीस वर्षं त्यांनी नाटकांना लाइट दिला होता. “एकदाही घालवला नाही मी. ही तर जागची हलत नाहीत. एक्झिट घेणार कधी?”

“अहो, दिवस संपतच नाही म्हटल्यावर तिला वाटतं, आता आटपायला घ्यावं. फुलं, बी, की संपलं. पानं धरून राहायला तिला रोज अंधार लागतो, बाबा. दहा-बारा तास.”

बाबा आत गेले. आतून बॅग ओढत घेऊन आले. ती भरलेलीच होती.

“कोथिंबिरीऐवजी तो नावडता शेपू लावायला दिला असतास, तर पहिल्याच दिवशी हरून आलो असतो,” ते म्हणाले. “चल.”

लेक हलली नाही. ती रॅकसमोरच्या आरामखुर्चीकडे बघत होती. खुर्चीत उशी होती, पांघरूण होतं, आईची शालही होती. मग तिनं आतल्या पलंगावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली.

“रोज इथे झोपता?”

“झोपतो कुठे? बसतो.”

“लाइट लावून?”

“तिला अंधारात एकटं वाटत असेल.”

“कोथिंबिरीला?”

“मग कुणाला?” बाबा म्हणाले आणि बॅगेची चेन उगाच उघडून परत लावली.

लेकीनं टेबल उचलून टायमर काढला. टेबल लगेच डुगडुगायला लागलं. तिनं दिवा टायमरला जोडला आणि काटा फिरवला.

“अगं, आत्ता? दुपारी अडीचला?”

“गोदामात आम्ही रात्र दुपारीच करतो. तिला कुठे घड्याळ कळतं? बसा तुम्ही खुर्चीत. पाच मिनिटांत बंद होईल.”

“एकदम?” बाबा दचकले. “डिमर नाही याला? असा फटकन कुणी अंधार करतं का!”

मग त्यांनी स्वतःच खिडकीचा पडदा ओढायला घेतला. एकेक बोट, मनात आकडे मोजत. पडदा पुरा मिटला, ते खुर्चीत येऊन बसले, तेव्हा टायमर टक् झाला.

लेक जमिनीवर बसली होती. तिनं चाचपडत त्यांचा हात धरला.

“आता काय करते ती?” बाबांनी हळूच विचारलं.

“झोपते.”

“जवळ आहे ना कुणी?”

“आहे.”

हळूहळू बाबांचा हात तिच्या हातात सैल पडला. लेकीच्या मांडीवरचा फोन थरथरला.

“निघालात का?” पलीकडून जावयाचा आवाज आला. “मी सायकल हलवली.”

“परत ठेव,” ती कुजबुजली. “नवीन बी पेरायचंय. चाळीस दिवस मी इथेच.”

“चाळीस? आणि हा आवाज कसला येतोय?”

“हळू बोल रे,” ती म्हणाली. “कोथिंबीर घोरतेय.”