म्हैसबी घरीच होती

"मावशी, जमीन हलली तवा तुमची म्हैसबी घरीच होती ना? मग तिला काहून न्हाई माहेरी धाडलं?"

आरोहीनं विचारलं आणि बैठकीतल्या सगळ्यांच्या कपबशा हवेतच थांबल्या. सपना आणि ज्योतीनं वर्गात पैज लावली होती, हिंमत असंल तर भर बैठकीत विचारून दाखव. हिंमत तर दहावीतल्या आरोहीकडं हल्ली पोत्यानं होती.

समोर अनुसयाबाई बसली होती, थोरल्या बहिणीची, प्रतिक्षाताईची सासू. शेजारी दाजी, म्हणजे ताईचा नवरा रुद्र, मान खाली घालून मोबाइल चाळत. मधे तातेराव. हे लग्न त्यांनीच जुळवलं होतं आणि आज फारकतीचं बोलायलाही तेच आले होते.

ताईचं सासर सिद्धेश्वरच्या धरणाकडं. घरात मायलेक, ताई आणि म्हैस. तिकडं कधीमधी जमिनीच्या पोटातून गडगड आवाज येतो, फळीवरची भांडी वाजतात, भिंतीला चीर जाते. लग्नाआधी काही वर्षं जमीन गप्प होती. ताई नांदायला गेली आणि दीड वर्षात तीनदा पहाटेची हादरली. अनुसयाबाईनं मेळ लावला: सून घरात आली अन् जमीन हलली, पोरगी पांढऱ्या पायाची.

एका सकाळी दाजींनी ताईला माहेरी, साखऱ्याला आणून सोडलं. गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत. "ठेवा थोडे दिवस," एवढंच म्हणाले. त्या थोड्या दिवसांत दिवाळी गेली, संक्रांत गेली. हळदीकुंकवाला बाया ताईला टाळून पुढं सरकायच्या. ताईनं बाजारात जाणंच सोडलं. ताईच्या सासूचं तोंड चार माणसांत उतरवायचं, हे आरोहीनं तेव्हाच ठरवून टाकलं.

हत्यार सापडलं गणिताच्या तासाला. संभाव्यता शिकवताना सरांनी फळ्यावर चार चौकोन काढले. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का बघायचं असेल तर चारी भरा, म्हणाले. आरोहीनं मनात भरून बघितले. सासूनं एकच भरला होता: सून घरात, जमीन हलली. सून घरात आणि जमीन गप्प, असले दिवस तर शेकड्यांनी होते, ते कुणी मोजलेच नव्हते. सून घरात नाही, त्या ओळीचा पत्ताच नव्हता. आणि जे रोजच घरात असतं त्याचा मेळ कशाशीही बसतो. सुनेचा बसला तसा म्हशीचाही.

"म्हशीचं काय सांगून राहिली मला?" अनुसयाबाई उसळली. "इकली म्हैस. हिला धाडून बी पुन्हा हादरलंच की पहाटं. तवा म्हैसबी काढली."

बोलून गेली आणि तिनं पदर तोंडाला लावला. ही गोष्ट साखऱ्यात कुणाला कळू दिलेली नव्हती.

"म्हणजे ताई हितं होती," आरोही सावकाश म्हणाली, "अन् तिकडं हललं."

तातेरावांनी मांडीवर थाप मारली. "मिटलं मग. पोरीचा कसूरच न्हाई तर फारकत कशाची? आजच घेऊन जा सुनेला."

आईनं डोळे पुसले. बाबा कितीतरी दिवसांनी ताठ बसले. आरोही इथं थांबली असती तरी पैज जिंकली होती. पण पैजेसाठी आलं होतं कोण?

"थांबा तात्या. दाजी, म्हैस इकल्यावर?"

"परवा पहाटं आला की आवाज," दाजी पुटपुटले.

"तवा ताई न्हाई, म्हैस न्हाई. मग पयल्यापासून दर वेळी घरात होतं कोण?"

सगळ्यांच्या नजरा अनुसयाबाईवर गेल्या.

हे बोलणं खोटं आहे, हे आरोहीला बराबर माहीत होतं. रोज घरात असणाऱ्या बाईचा मेळ बसणारच. तसा तर उंबऱ्याचाही बसला असता, पाट्यावरवंट्याचाही. तरी ती बोलली. जिभेवर गुळाचा खडा ठेवल्यासारखं वाटलं. दाराशी जमलेल्या बायांनी पाय मागं घेतले. अनुसयाबाईच्या हातातली बशी खडखड वाजायला लागली, जमीन गप्प असताना.

"म्या काय केलं गं माय?" ती म्हणाली आणि तिनं लेकाकडं बघितलं.

दाजींनी मोबाइल खिशात टाकला. आईकडं मान वळवली नाही. "तात्या, मामाला फोन लावतो. आईला ठेवा म्हणतो थोडे दिवस. प्रतिक्षा, बॅग भर."

तेच शब्द. आवाजही तोच, शेतावर जाताना किल्ली शेजारी ठेवायला द्यावी तसा.

अनुसयाबाईचं तोंड उतरलं. अगदी आरोहीला हवं होतं तसं. फक्त हे तोंड तिनं आधी पाहिलेलं होतं. त्या सकाळी, अंगणात, बॅगेशेजारी उभ्या असलेल्या ताईचं.

ताई आतल्या दारात होती. बॅग भरायला गेली नाही. जागची हललीच नाही. तिनं आरोहीकडं बघितलं आणि नकाराची मान हलवली, एकदाच.

आरोही आईबाबांकडं वळली.

"बाबा, आई, ताई जाणार न्हाई. हललं तवा दर वेळी दाजीबी घरातच होते. त्यांना कुणी ठेवून घेतं का बघा, थोडे दिवस."