सहा डबे

तेहिलाने तंबूपुढच्या टेबलावर मेणबत्त्या लावून डोळ्यांवरचे हात खाली घेतले, आणि तेवढ्यात मोझेसला ट्रकच्या हौद्यातला तो दिवा दिसला. फ्रिजचा हिरवा दिवा लाल झाला होता.

शुक्रवार संध्याकाळचा शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागून मिनिटही झालं नव्हतं. आता उद्या आभाळात तीन तारे दिसेपर्यंत मोझेस कुठल्या बटणाला बोट लावणार नव्हता. गाडीची चावी फिरवणं तर लांबच राहिलं.

तेहिलाने फ्रिजला कान लावला. "डॅडी, इट्स ऑफ. कधीचा बंद आहे कुणास ठाऊक. दुपारभर आपण लेकवर होतो."

मोझेसला कारण लगेच कळलं, कारण ते त्याचंच कर्तृत्व होतं. ट्रकच्या बॅटरीवर फ्रिज चालवायची सगळी वायरिंग त्याने दोन रविवार गाडीखाली लोळून केली होती. बॅटरी किती उतरली की फ्रिजने आपण होऊन बंद पडायचं, हेही त्यानेच ठरवलं होतं: जराशी उतरली की बंद. म्हणजे फ्रिजपायी जंगलात गाडी अडकायला नको. पस्तीस वर्षं इंजिनियरकी केलेला माणूस, सावधपणा अंगात मुरलेला. त्या सावधपणापायीच तो डबे ओकव्हिलला घरी ठेवून आला नव्हता. वादळात घरची वीज गेली आणि बघायला कुणी नसलं तर?

सहा डबे होते. नारळाच्या दुधातलं मटण. त्याच्या बायकोने, पर्लने, ते मार्चमध्ये, दोन किमोंच्या मधल्या आठवड्यात, गॅससमोर स्टुलावर बसून रांधलं होतं. प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवून तिने लिहिलं होतं, "मटण. तिखट कमी." एप्रिलमध्ये ती गेली. दरवर्षी तिच्या दिवशी एक डबा उघडायचा, असं मोझेसने ठरवलं. "सहा वर्षांचं शिळं मटण? यू आर क्रेझी," असं तेहिला हसून म्हणाली होती, आणि मग वॉशरूममध्ये जाऊन बराच वेळ बाहेर आली नव्हती.

"जस्ट स्टार्ट द ट्रक," ती आता म्हणाली. "इंजिन चालू ठेवलं की फ्रिज चालू होईल. दॅट्स ऑल."

"आज नाही."

"डॅडी, ते मम्मीचं जेवण आहे!"

"म्हणूनच तर."

हॉस्पिटलातल्या शेवटच्या शुक्रवारी डोळ्यांवर येणारा दिवा पर्लने रात्रभर सोसला होता, पण बटण दाबायला कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीत मोझेस होता. त्यालाही नाही.

तेहिलाने टेबलावरची चावी उचलली. "मी करते. यू डोन्ट हॅव टू लुक."

कर, पोरी, फिरव चावी, असं मोझेसच्या अगदी जिभेवर आलं. जीव नुसता तुटत होता.

"तू सुरू केलीस," तो म्हणाला, "तर त्यातला एक घाससुद्धा मला खाता येणार नाही."

 ती चावी टेबलावर टाकून तंबूत गेली.

शनिवारी ऊन असं पडलं की हौद्याच्या पत्र्याला हात लावता येईना. दुपारी तेहिलाने झाकण उघडलं. आतला दिवा लागून शब्बाथ मोडायचा प्रश्न नव्हता, दिव्याच्या बटणावर पर्लने गेल्या वर्षी लावलेली काळी पट्टी अजून होती. डब्यांना घाम फुटला होता. बर्फाचा कण उरला नव्हता.

"खायचं?"

"खायचं."

दोघांनी पिकनिक टेबलावर बसून, पावाबरोबर, गार न गरम असं ते मटण खायला सुरुवात केली. मिठाचा अंदाज बरोबर पर्लचाच. पहिला डबा संपला, दुसरा उघडला. शेजारच्या तंबूतला पुण्याचा नंदकुमार पाण्याचा कॅन घेऊन चालला होता, तो थांबला.

"काय काका, पार्टी चाललीय? वास लेकपर्यंत येतोय!"

"हो," मोझेस म्हणाला.

नंदकुमार जरा घुटमळला. घरी आलेल्याला न जेवता जाऊ न देणारा माणूस मोझेस, पण त्याने ये म्हटलं नाही, डब्यावर नुसता हात आडवा धरून बसला. इतका हावरटपणा त्याने जन्मात केला नव्हता. नंदकुमार हसून निघून गेला.

"हे कुठलं वर्ष?" तेहिलाने पाव बुडवत विचारलं.

"तिसरं."

चौथ्याला पोट दुखायला लागलं, तरी ती दोघं खात राहिली. पाचवा उघडला आणि आंबूस वास आला. सहाव्याचं झाकण तर फुगलंच होतं. मोझेसने त्यातलाही एक तुकडा तोंडात टाकला. तेहिलाने त्याचा हात धरला, तेव्हा त्याने तो थुंकला आणि तोंड फिरवून रडला.

तीन तारे दिसले. तेहिलाने पाचवा आणि सहावा डबा कचऱ्यात रिकामा करून आणला. मोझेसने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. बॅटरी ठणठणीत होती. मागे फ्रिजचा दिवा हिरवा झाला आणि तापमानाचा आकडा खाली उतरायला लागला.

मोझेसने टेबलावरचे रिकामे डबे उचलले. धुतले नाहीत. पट्ट्या बाहेरच्या बाजूला येतील असे ते एकेक करून आत रचले.

"डॅडी," तेहिला म्हणाली, "देअर्स नथिंग इन देम."

"झाकण लाव," तो म्हणाला. "गारवा जातोय."