पिवळं पातेलं

अमेरिकेत वृंदा जुन्या सामानाच्या दुकानांतून नॉर्वे-डेन्मार्कची जुनी भांडी हुडकायची आणि ऑनलाइन विकायची. त्या दिवशी अशाच एका दुकानाच्या काउंटरवर एका माणसाने खोकं आदळलं. "आईचा कचरा आहे. ती वृद्धाश्रमात चाललीय."

वरच पिवळ्या इनॅमलचं, मोठा भाव येणारं नॉर्वेजियन पातेलं होतं. काय हा करंटा, असं मनात म्हणत वृंदाने ते तिथल्या तिथे विकत घेतलं.

बाहेर त्याच्या गाडीत त्याची म्हातारी आई बसली होती. वृंदाला राहवलं नाही. "हे तुमचं ना? मी विकायला घेतलं होतं, पण तुम्हीच ठेवा."

म्हातारीने अजून दुकानातच असलेल्या आपल्या मुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "यातलंच खाऊन तो एवढा माजला. मला नको." मग कोटाखाली लपवलेलं पिवळं झाकण काढून तिने वृंदाच्या हातात ठेवलं. "झाकणासकट वीक. आणि भाव कुणासाठीही कमी करू नकोस."