ध्रुपद धरणारी

नत्थुजी महाराजांनी ऑपरेशनला हो म्हटलं होतं, भुलीच्या इंजेक्शनला नाही.

थिएटरच्या टेबलावर त्यांना कुशीवर निजवलं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं, दुखण्यानं तोंड वाकडं झालेलं. तरी एक हात मागं नेऊन कमरेवर घट्ट धरला होता. सुईची वाट अडवून. "भूल देता म्हनता," ते म्हणाले, "अन् मी भुललो त? माह्यं सारं कीर्तन तोंडात हाये पोरी. कागदावर एक अक्षर नाई."

प्रणाली त्यांच्या उशाशी उभी होती. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी फिजिशियन असिस्टंट होती. म्हणजे नेमकं काय, हे तिला मोर्शीच्या घरी अजून कोणाला धड सांगता आलं नव्हतं. काल संध्याकाळी चढलेली ड्यूटी अजून उतरली नव्हती. बदलीची मुलगी आलीच नाही. चपला पायांना लहान झाल्यासारख्या वाटत होत्या. त्यात आज अकोल्याच्या कॉलेजला कळवायचं होतं, पुढच्या वर्षभराच्या शिक्षणाला शाखा कोणती घेणार म्हणून. हाडांची शस्त्रक्रिया, अपघात विभाग, की भूल. हाडांचे सर म्हणत, माझ्याकडे ये, नाव होईल. वडील किसनराव म्हणत, नाव होईल तेच घे. भूल देणाऱ्या गीतांजली मॅडम तेवढ्या काही म्हणत नसत. एकदा चहा घेता घेता एवढंच बोलल्या होत्या, की पेशंट बरा झाला की सर्जनला हात जोडतो. आपल्याला तो ओळखतही नाही.

प्रणाली खाली वाकली. "महाराज, हे भूल कमरेखालची आहे. पाय झोपते, डोकं जागंच रायते. तुमी गात राहा, कोन नाई म्हनते?"

"अन् गाता गाता भुललो त? भुलल्या मानसाले आपन भुललो हे समजत नाई, माय. बाजूले कोनी जागं पायजे."

मग त्यांनी अट घातली. नांदगावाकडच्या सप्ताहात त्यांच्या मागं टाळकरी उभे असायचे. महाराज दम घ्यायला थांबले की ते ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, उचलायचे, कीर्तन खाली पडू द्यायचे नाहीत. इथं ते काम तिनं करायचं. ध्रुपद महाराजांनी स्वतःच बांधलेलं: तू जाग रे सावळ्या, लेकरू निजलं. तिच्याकडून त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं, सूर उतरला म्हणून हटकलंही. सर हातमोजे घालून ताटकळत उभे. मगच कमरेवरचा हात निघाला.

पाय जड झाले. छातीवर हिरवा पडदा लागला. पडद्यापलीकडे हत्यारांचा आवाज, अलीकडे आख्यान. आई कापूस वेचायला गेली आहे, बांधावरच्या बाभळीला झोळी, झोळीत लेकरू. लेकरू रडतं, आईला ऐकू जात नाही. हातोडीचे ठोके सुरू झाले तसे महाराज मध्येच थांबले आणि तिला म्हणाले, "सायबाले सांग, ठोका लयीत मारा." सर मास्कमध्ये हसले. पुढचे दोन ठोके खरंच लयीत पडले.

देव बांधावर आला. त्यानं झोळीची दोरी हातात घेतली. आणि आवाज थांबला.

महाराजांचे ओठ हलत होते, शब्द नव्हता. डोळे प्रणालीकडे वळले. "गेलं वो माय," ते पुटपुटले. "गेलं."

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मशीनवरचे आकडे पाहिले, महाराजांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि सगळं ठीक असल्याची मान हलवली. औषधानं काही केलं नव्हतं. वयानं आणि भीतीनं वाट चुकवली होती, एवढंच. पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

पुढची ओळ प्रणालीला ठाऊक नव्हती. तिला ध्रुपद ठाऊक होतं. मास्कच्या आतून, जागरणानं घोगऱ्या झालेल्या आवाजात तिनं ते धरलं. महाराज नुसते बघत राहिले. तिनं पुन्हा धरलं. पडद्यापलीकडे हातोडी थांबली होती. पुन्हा म्हणताना तिचाच श्वास पुरेना, सूर मध्येच तुटला, आणि त्या तुटल्या सुराखालून म्हाताऱ्याचा आवाज वर आला, पुढची ओळ घेऊन. देवानं झोका दिला. झोळी हलली.

दुपारी महाराजांना बाहेरच्या खोलीत आणलं. तिथल्या शकुन सिस्टरच्या हाती त्यांना सोपवलं आणि प्रणालीची ड्यूटी एकदाची संपली. चपला काढायला म्हणून ती त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसली. आधी अकोल्याला कळवलं, मग वडिलांना मोबाइलवर लिहिलं: भूल घेतली.

किसनरावांचं उत्तर लगेच आलं. कायची भूल? काय चुकलं?

ते तिनं वाचलं नाही. खाटेच्या कठड्याला डोकं टेकलं होतं, एक चप्पल पायातच राहिली होती. शकुन सिस्टर तिला हलवायला पुढं आल्या, तर महाराजांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे पाय अजून निजलेलेच होते. दोन बोटांनी कठड्यावर हलका ठेका धरून, तिला जाग येणार नाही एवढ्याच आवाजात, ते नुसतं ध्रुपद म्हणत होते.