निरोपाचा नारळ

सबनीस सरांच्या खांद्यावर निरोपाची शाल पडली, हातात नारळ आला आणि खगोलसंस्थेच्या संचालकांचं भाषण सुरू झालं. त्यांची विद्यार्थिनी केतकी मात्र फोनवरच्या आलेखात गुंतली होती. चिलीतल्या दुर्बिणीतून दिसणाऱ्या, आपल्या सूर्याच्या शेजारच्याच एका ताऱ्याचा प्रकाश दोनदा किंचित मंदावला होता. जणू पृथ्वीएवढं काहीतरी समोरून गेलं.

"तिसऱ्यांदा ठरल्या वेळी मंदावला, तरच ग्रह म्हणायचं," हा सरांचा दंडक. एकदा घाईने पेढे वाटले आणि निघाला ताऱ्यावरचा डाग! आयुष्यभर शोधून त्यांच्या हाती असा एकही ग्रह लागला नव्हता.

आलेख खाली वाकला. अगदी वेळेवर!

केतकी मंचावर धावली. फोन पाहताच सर भर भाषणातून उठले आणि शाल सावरत थेट संगणकांच्या खोलीत शिरले. मागोमाग अख्खं सभागृह.

"ग्रहच आहे गं!" म्हणत त्यांनी हातातला नारळ उंबऱ्यावर फोडला.

"सर, आजपासून तुम्ही निवृत्त आहात," संचालक हसले.

"म्हणून तर उद्या जरा उशिरा येईन," ओल्या हातांनी खोबरं वाटत सर म्हणाले. "तिथे पाणी आहे का, ते बघायचंय ना!"